चष्मा दुपारी हळू का चालतो

(नव्या यंत्रांच्या प्रदर्शनातला एक स्टॉल. दोन खुर्च्या, मागे काळा पडदा. ताईंच्या डोळ्यांवर कंपनीचा वाचणारा चष्मा, कानात त्याची बारीक गुंडी.)

ताई : हळू बोल. लोक बघतायत.

भाऊ : तुला कसं कळलं?

ताई : दिसत नसलं म्हणून काय झालं? लोक बघायला लागले की त्यांच्या गप्पा थांबतात. आणि पडद्यामागे कशाला गेला होतास?

भाऊ : तेही कळलं?

ताई : मघापासून शिंकतोयस. काय सापडलं?

भाऊ : वायरी. आणि एक झाडू.

ताई : म्हणजे माणूस नाही.

भाऊ : इथे नाही. पण इथेच असायला हवा असं कुठंय? लांब कुठल्या तरी खोलीत बसला असेल. तू ज्याच्याकडे बघशील ते त्याला तिथे दिसतं, तो वाचतो, आणि तुझ्या कानात मशीनचा आवाज येतो. आवाज बदलता येतो हल्ली.

ताई : मागच्या वर्षी त्या फ्रिजच्या पोटात माणूस शोधत होतास.

भाऊ : फ्रिज नव्हता. स्वयंपाक करणारं कपाट होतं.

ताई : सापडला का माणूस?

भाऊ : नाही. ब्लॉगवर माफी मागितली ना मी.

ताई : तेच म्हणते. निदान माझ्या वेळी तरी माफीची पाळी आणू नकोस. दोन वर्षं झाली रे मला एक ओळ वाचून. औषधाची बाटली घेऊन जिना उतरते आणि शेजारणीला विचारते, ही सकाळची की रात्रीची? बँकेचं पत्र आलं तर माझ्या खात्याची बातमी तिला माझ्या आधी कळते. आज माझ्या पिशवीतलं पुस्तक याने वाचून दाखवलं. अर्ध्यावर राहिलेलं पुस्तक, कळतंय का तुला?

भाऊ : कळतंय. पण वाचत होता तेव्हा यांनी स्टॉलचा स्पीकर लावला होता, मी ऐकत होतो. पुस्तकातल्या त्या मुलीची आई जाते तिथे तो थांबला.

ताई : थांबायलाच हवं तिथे.

भाऊ : मशीनने?

ताई : स्वल्पविराम असेल.

भाऊ : नाही. मी पान पाहिलं. साधं, सलग वाक्य आहे.

ताई : तुला ना, कशातच आनंद नाही.

भाऊ : असेल तसं. पण सकाळच्या चर्चेत मी यांच्या साहेबांना सरळ विचारलं, हा चष्मा वाचतो तेव्हा मध्ये कुठे माणूस असतो का? तर म्हणाले, 'माणूस तर आमच्या केंद्रस्थानी आहे.' टाळ्या पडल्या. माइक माझ्या हातातून पुढच्याकडे गेला.

ताई : छान बोलले की.

भाऊ : छानच बोलले. अशा चर्चा पुष्कळ ऐकल्यात मी, ताई. सांगायला उत्तर असलं की लोक हो तरी म्हणतात किंवा नाही तरी म्हणतात. छान बोलत नाहीत.

स्टॉलवरची मुलगी : मॅडम, कसा वाटतोय अनुभव? सर, आपल्याला काही हवं होतं का? मघाशी आपण मागच्या बाजूला...

भाऊ : मी... ते... टॉयलेट शोधत होतो.

मुलगी : ते समोर आहे, सर. मॅडम, आज नाव नोंदवलंत तर चष्मा आजच घरी न्यायचा. सरांच्या ब्लॉगमुळे पहिला नंबर आपला.

ताई : बघ, तुझा उपयोग झाला एकदाचा.

भाऊ : घरी हा कायम चालू असतो का हो?

मुलगी : डोळ्यांवर असेपर्यंत, सर. फक्त दुपारी जेवणाच्या वेळेला जरा हळू चालतो. म्हणजे, तेव्हा लोड असतो.

भाऊ : जेवताना लोक जास्त वाचतात?

मुलगी : ते तांत्रिक आहे, सर. त्या टीमला विचारावं लागेल. आलेच हं मी.

भाऊ : ऐकलंस? याला जेवणाची सुट्टी लागते.

ताई : काहीतरी कारण असेल.

भाऊ : ताई, तू हा घालून घरभर फिरणार. बँकेचे कागद, कपाट, बाथरूम. आणि कोणीतरी परका माणूस सतत तुझ्याबरोबर.

ताई : बाथरूममध्ये मी चष्मा काढून ठेवीन. आणि या वयात काही दिसलंच, तर शिक्षा त्यालाच.

भाऊ : थट्टा नको ना.

ताई : मग काय करू? तुझं खरं निघालं तर तू एक लेख लिहिशील. मी मात्र पुन्हा बाटली घेऊन जिना उतरायचा.

भाऊ : ...एकदा बघू या का? फक्त एकदा. या निमंत्रणाच्या कार्डामागे मी काहीतरी लिहितो. तू डोळ्यांसमोर धर.

ताई : काय लिहितोयस?

भाऊ : तोच सांगेल. हं, धर. जरा वर.

ताई : ...'जेवलात का?'

भाऊ : बरोबर! पुढे?

ताई : पुढे काय? दोनच शब्द लिहिलेस ना?

भाऊ : अडखळला वगैरे?

ताई : नाही.

भाऊ : बघू, मला ऐकू दे.

ताई : माझ्या कानातलं तुझ्या कानात? शी! लहानपणापासून तुझे कान वाहतात.

भाऊ : एवढंच म्हणाला? नक्की?

ताई : आता माझ्यावर पण संशय का?

भाऊ : नाही, नाही. तुझ्यावर कसा? माझंच चुकत असेल. हे ब्लॉगचं खूळ लागल्यापासून मला कुठल्याही चांगल्या गोष्टीमागे वायरच दिसते. लिहून टाकतो. 'मी शंका घेऊन गेलो होतो. माझ्या मोठ्या बहिणीने स्वतः तपासून पाहिलं. यात माणूस नाही.'

ताई : बहीण कशाला त्यात?

भाऊ : तुझ्यामुळेच तर लोकांना पटेल. ज्यांच्या घरी कोणाला दिसत नाही, असे पुष्कळ जण विचारतायत मला, घ्यावा का म्हणून. माझं सोड, पण तू सांगितलंस म्हटल्यावर घेतील ते.

मुलगी : मॅडम, सही घेऊ ना? कुठे करायची ते मी बोट धरून दाखवते.

ताई : जरा थांब गं, पोरी. आम्हाला थोडं बोलू दे.

मुलगी : हो, हो. सावकाश.

ताई : पाठवलंस का ते?

भाऊ : शेवटची ओळ राहिलीय.

ताई : पाठवू नकोस.

भाऊ : का?

ताई : दोन शब्द वाचले. मग गप्प. मला वाटलं बंद पडला. मग त्याच सपाट आवाजात म्हणाला, 'नाही अजून.'

भाऊ : ताई!

ताई : ओरडू नकोस.

भाऊ : आणि तू मला सांगितलं नाहीस?

ताई : मला चष्मा हवा होता.

भाऊ : ...मग आता? लिहू का मी?

ताई : लिही. माझ्यासकट सगळं लिही. पण आधी हा काढ. हळू, मागे केस अडकलेत.

भाऊ : काढला. डबीत ठेवू?

ताई : ठेव, आणि झाकण लाव. कोण असेल ते असो, जेवून घेऊ दे त्याला.