एकच कोपरा राहिला होता

...आणि वर मलाच विचारतो, "कशासाठी हवीय करवत?" आता करवत कशासाठी हवी असते? केस विंचरायला? तुम्हाला सांगते, हत्यारांच्या दुकानात एकटी बाई शिरली की दुकानदाराला दोनच शंका येतात. एक, ही रस्ता चुकली. आणि दोन, ही नवऱ्याच्या जिवावर उठली. मी म्हटलं, "डव्हटेल कापायचेत." झालं! चष्मा कपाळावर, हात गल्ल्यावरून खाली, आणि आवाज एकदम लहान मुलाला समजावल्यासारखा, "ताई, मिस्टरांना पाठवा ना. ही वस्तू हातात धरून घ्यायची असते." काय सांगणार त्याला? म्हटलं, "त्यांना पाठवता आलं असतं तर मी आले असते का?" तो हसला. त्याला वाटलं, गावाला गेलेत. मी म्हटलं, असू दे, गावालाच गेलेत. गावाला गेलेला माणूस परत तरी येतो.

बरं, डव्हटेल म्हणजे काय हे तुम्हाला माहीत नसेल तर लाजू नका, मलाही लग्नानंतरच कळलं. कळलं म्हणजे काय, ऐकून ऐकून कान किटले! एका फळीच्या टोकाला पारव्याच्या शेपटीसारखे आकार कापायचे, दुसरीच्या टोकाला त्यांच्या मापाच्या खाचा करायच्या, आणि दोन्ही एकमेकींत अशा बसवायच्या की ओढून निघणार नाहीत. खिळा नको, स्क्रू नको. आमचे हे दिवसभर कचेरीत कागदांवर शिक्के मारायचे आणि संध्याकाळी मागच्या खोलीत जाऊन पारव्याच्या शेपट्या कापायचे. "ह्या घरात ड्रॉवरला खिळा लागणार नाही!" आयुष्यात ही एक प्रतिज्ञा पाळली बघा. बाकीच्या? पहाटे फिरायला जाण्याची आठवडाभर टिकली, साखर सोडण्याची संध्याकाळपर्यंत. पण खिळा? छे! पाहुण्यांकडे गेले तरी आधी त्यांच्या टेबलाचा ड्रॉवर बाहेर काढून कोपरा बघायचे. लोक पाणी घेऊन येतात तर हा माणूस त्यांचा ड्रॉवर मांडीवर घेऊन बसलेला! मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

तर शेवटचं काम काढलं होतं ते लेकीचं टेबल. तिने नवीन घर घेतलं, म्हणून. पाय झाले, वरची फळी झाली, घासून झालं, ड्रॉवरचे तीन कोपरे झाले. चौथ्या कोपऱ्याच्या शेपट्या कापून तयार, समोरच्या फळीवर खाचांच्या रेघा पेन्सिलीने मारून तयार, पेन्सिल कानामागे... आणि मग दवाखाना, आणि मग... असो. पण एक कोपरा राहिला होता हो, एकच!

लेकीचा फोन. "आई, रविवारी टेम्पो येतोय. तेवढा एक खिळा मार ना तिथे!" खिळा! मी म्हटलं, "कुणाच्या ड्रॉवरला खिळा मारायला सांगतेयस?" "मग सुताराला बोलव गं." "परक्या माणसाने तुझ्या बाबांच्या रेघेवर करवत चालवायची?" "मग तू काय करणारेस?" आणि तुम्हाला सांगते, माझ्या तोंडून निघून गेलं, "मी कापेन." पलीकडून, "आई, बरी आहेस ना?" का नाही कापणार? मी जन्मभर कापड बेतलं, हिचे फ्रॉक शिवले, रेघेवर कात्री चालवते ती करवत नाही चालवणार?

ह्यांची करवत होती ना घरात, होती. पण कशी? मूठ फुटलेली, त्यावर सुतळी गुंडाळलेली, आणि खोड अशी की डावीकडे जायची. रेघ कुठेही मारा, बाईसाहेब डावीकडे! हे एक खांदा पाडून, मान तिरपी करून, जिभेचं टोक बाहेर काढून कापत बसायचे. मी शंभरदा म्हटलं असेल, "अहो, चांगली करवत आणा." तर म्हणायचे, "हिला डावीकडे जायचं असतं, जाऊ द्यावं. मी थोडा सरकतो, ती थोडी सरकते. आपलं तरी दुसरं काय चाललंय?" घ्या! करवतीवर बोलायला जावं आणि संसारावर ऐकून यावं.

म्हणून म्हटलं, आता काम एवढं नाजूक, हत्यार चांगलं हवं. नमुना म्हणून जुनी करवत पिशवीत घालून नेली. दुकानदाराने ती डोळ्यासमोर धरली, एक डोळा मिटला. "डावीकडे जाते?" "जाते." "दात एका अंगाला कलंडलेत सगळे. ताई, ही करवत नाही, हा मनस्ताप आहे." आणि मग त्याने खोक्यातून नवीन काढली. काय सांगू! पातं कागदासारखं पातळ, पाठीवर पितळेची पट्टी, म्हणजे पातं लवायला नको, दात इतके बारीक की आधी दिसेचनात. मूठ हातात घेतली आणि... बऱ्याच दिवसांनी कुणीतरी हात हातात घेतल्यासारखं वाटलं. जाऊ दे. घेतली. किंमत विचारू नका. तो म्हणाला, "ही जुनी कशाला परत नेताय? राहू द्या इथेच, मागच्या धारवाल्याला देतो, कुणाला तरी उपयोगी पडेल." आणि मी काय म्हटलं असेन? "राहू द्या!" असं म्हटलं! पिशवी हलकी झाली म्हणून वर बरं वाटलं मला! अक्कल गहाण ठेवायला वेगळं दुकान लागत नाही, तुम्हाला सांगते.

घरी आले, पदर खोचला, एक फालतू फळी शिकंज्यात आवळली. म्हटलं, आधी हिच्यावर हात बसवू, मग त्यांच्या रेघेला हात लावू. ह्यांच्या शेपट्या त्या फळीवर ठेवून रेघा मारल्या आणि कापलं. सरळ! नवशिकी बाई मी, आणि काप असा सरळ की स्वतःच स्वतःची पाठ थोपटली. मग दोन्ही फळ्या जोडून बघितल्या. एका अंगाने शेपटी आत शिरेना, आणि दुसऱ्या अंगाने एवढी फट की पलीकडच्या कॅलेंडरवरची तारीख वाचता येत होती! पुन्हा कापलं. पुन्हा तेच. दोन दिवस मी कापतेय, घरभर भुसा, केसांत भुसा, चहात भुसा. रेघ बरोबर, काप बरोबर, सांधा चूक!

शेवटी भाऊजींना बोलावलं. भाऊजी म्हणजे ह्यांचे धाकटे बंधू. ह्यांनी आयुष्यभर पटाशीला हात लावू दिला नाही त्याचा सगळा राग घेऊन आले. काटकोन बघायचा गुण्या लावला, फळी उलटीपालटी केली आणि एकदम खूश होऊन म्हणाले, "वहिनी, तुमचं काही चुकलेलं नाही! दादाचंच चुकलंय. दादाच्या शेपट्याच वाकड्या आहेत!" मी म्हटलं, "काहीतरीच काय बोलता!" बॅटरी आणली, झालेले तीन कोपरे बघितले. आणि काय सांगू तुम्हाला... तिन्ही वाकडे. वरून रेघेवर, पण आत जाताना शेपट्या डावीकडे कललेल्या, खाचाही डावीकडे कललेल्या, तेवढ्याच, अगदी तेवढ्याच. म्हणून तर मिठी मारल्यासारखे बसले होते! बाहेरून बघाल तर केसभर फट नाही. वाकड्यात वाकडं इतकं बिनबोभाट बसलेलं, की मला इतक्या वर्षांत कळलं नाही.

आणि त्या वाकडेपणाची किल्ली मी दुकानात ठेवून आले होते! एक कोपरा राहिला होता हो, एकच!

धावले. पायात एक चप्पल माझी, एक भाऊजींची, ते दुकानात पोचल्यावर समजलं. दुकानदार म्हणाला, मागे जा. मागे धारवाले काका, हातात कानस, तोंडभर हसू. "या ताई! तुमचीच करवत ना? देतो की. म्हटलं, ताईंनी प्रेमाने सांभाळलेली वस्तू दिसतेय, सगळी कामं बाजूला ठेवून आधी ही घेतली." मी म्हटलं, "काय... काय केलंत?" "काय नाही केलं ते विचारा! एकेक दात उठवला, दोन्ही अंगांना सारखा केला. आता डावीकडे जाऊन दाखवू दे, माझं नाव बदला!" आणि माझ्यासमोर एक काप घेतला. सरळ. देवाशप्पथ, माझ्या नवीन करवतीपेक्षा सरळ. सुतळीसुद्धा काढून टाकली होती, मूठ चिकटवून तेलपाणी केलेलं. "पैसे नकोत ताई." मी आभार मानले. मानावे लागतात! मग हळूच म्हटलं, "काका, थोडी वाकडी नाही का करता येणार? होती तशी?" काकांची कानस हातातच राहिली. "ताई, लोक इथे सरळ करून घ्यायला येतात." "मला वाकडी हवीय." "बरं," म्हणाले, वेड्या माणसाशी बोलावं तसं, "किती वाकडी?"

किती वाकडी... आता सांगा, किती वाकडी? मी तिथे उभी, हात असा हवेत धरलेला, एक खांदा पाडून, मान तिरपी करून दाखवतेय. "एवढी. म्हणजे... त्यांच्याइतकी." काकांनी करवत कागदात गुंडाळून दिली.

घरात आता दोन करवती आहेत. दोन्ही सरळ. दोन्ही खुंटीला शेजारी शेजारी लटकतात आणि माझ्याकडे बघतात.

रविवार तर आलाच. टेम्पोवाला खाली हॉर्न वाजवतोय, लेक जिन्यात. मी त्यांच्या रेघेवर करवत ठेवली, खांदा पाडला, मान तिरपी केली, जीभसुद्धा बाहेर काढली. काप सरळच गेला. घट्ट होतं तिथे पटाशीने खरवडलं, तर सगळंच ढिलं झालं. फटीत पाचर कोंबली, सरस ओतला, तरी कोपरा हलत्या दातासारखा डुगडुगतोय. मग मी... एकच मारला. अगदी छोटासा. मारताना म्हटलं, "अहो, रागावू नका."

लेक आली, ड्रॉवर ओढला, लावला, पुन्हा ओढला, तीन कोपऱ्यांवरून बोट फिरवलं आणि चौथ्यावर थांबली. "आई, मारलासच ना शेवटी? आणि तोही वाकला गं!"

मी बघितलं. वाकला होता खरा.

म्हटलं, "कुठल्या अंगाला?"

"डावीकडे."

म्हटलं, "मग जाऊ दे त्याला."