धर्मबापाची भट्टी

नाही, पण मला एक सांगा, आपल्या स्वतःच्या स्वयंपाकघरात, स्वतःच्या चुलीवर, स्वतःच्या पोटच्या पोराला वाटीभर रव्याची पेज शिजवायची तर बाईनं परवानगी कुणाची घ्यायची? नवऱ्याची? सासूची? रोमच्या पोपची? नाही हो! त्या तांब्याच्या हंड्याची! तो बसलाय माझ्या चुलीवर मांडी ठोकून, जसं काही लग्नात मी त्यालाच माळ घातली! डोक्यातून नळी निघालीय, ती वेटोळी घेत पाण्याच्या पिंपात शिरलीय, पिंपाच्या बुडातून बाहेर आलीय आणि खाली डब्यात टप... टप... टप... दिवस नाही, रात्र नाही, रविवार नाही, सणवार नाही! आणि मी तोंडातून ब्र काढला की आमचे हे, गाएतानो, खुर्चीत बसून, पाय स्टुलावर टाकून काय म्हणतात? "अगं क्रोचेत्ता, एवढं काय झालं!"

एवढं काय झालं म्हणे!

तुम्हाला सांगते बायांनो, आपल्याकडे सिसिलीत जेवताना पेलाभर वाईन घेतली, तोंड पुसलं, झोपलं, झालं. कुणी झिंगून गटारात पडलंय असं मी लहानपणापासून पाहिलं नाही. इथे सरकारनं दारू बंद केली आणि तेव्हापासून ही शिकागोची माणसं अशी पितायत, अशी पितायत, की जसं काही उद्यापासून पाणीसुद्धा बंद होणार आहे! मग एवढी दारू आणायची कुठून? तर म्हणे आमच्या स्वयंपाकघरातून! ते डॉन सावेरिओ आहेत ना, कोपऱ्यावर तेलाचं आणि चीजचं दुकान आहे बघा त्यांचं, ज्या दुकानात तेल विकत घेताना अजून कुणी कुणाला बघितलेलं नाही, त्यांनी आपल्या गल्लीत घरोघरी एकेक भट्टी मांडून दिली. साखर त्यांची, मका त्यांचा, यीस्ट त्यांचं, पोलिसांना गप्प बसवायचं काम त्यांचं. आपण काय करायचं? तर पिंपात रसायन आंबवायचं, जाळ सांभाळायचा, डबे भरायचे. लॉरी येणार, डबे नेणार, की पुढे त्यात रंग मिसळून त्याची स्कॉटलंडची व्हिस्की होणार! अहो, ज्या पिंपात परवा उंदीर पडला होता त्या पिंपाची व्हिस्की! स्कॉटलंडचा उंदीर म्हणायचा की काय आता त्याला!

"मग नाही म्हणायचं होतंस," असं तुम्ही म्हणाल. नाही म्हणायचं? तो पलीकडच्या आळीतला न्हावी नाही म्हणाला होता. त्याच्या दुकानाला आता पुढची भिंत नाही. बिचारा उघड्यावर दाढ्या करतो.

आणि आमच्या ह्यांना तरी नाही कशाला म्हणायचंय? पूर्वी रेल्वेचे रूळ टाकायला जायचे, संध्याकाळी घरी येऊन पाठ धरून विव्हळायचे. आता काय, खुर्ची! जाळ मोठा झाला की बारीक करायचा, बारीक झाला की मोठा करायचा. परवा सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, "आमचा गाएतानो आता बसून काम करतो हो." बसून काम! म्हणजे जसं काही बँकेत मॅनेजरच लागलाय!

बरं, हेही मी सोसलं. वासानं डोकं चढायचं, सोसलं. भिंतींना घाम फुटायचा, सोसलं. टोमॅटोचा रस्सा करायला पातेलं घेऊन तीन जिने उतरून शेजारणीकडे जायचं, तिच्या चुलीवर तिचा हंडा असला की तिसरीकडे, आणि पातेलं वर आणेपर्यंत सगळं थंडगार... सोसलं! पण लिबोरिओ रांगायला लागला आणि माझा जीव टांगणीला लागला. नऊ महिन्यांचं पोर ते. त्याला काय कळतंय? त्याला जे चमकतं ते हवं. आणि आमच्या घरात चमकणारं काय आहे? मी नाही, भांडी नाहीत, तो एकटा मेला हंडा!

आता ऐका काय झालं ते. हंड्याचं झाकण आणि नळी जिथे जुळतात ना, तिथून वाफ निसटते. ती निसटू नये म्हणून तिथे कणीक लिंपतात. कणीक कुणाची? माझी! पावासाठी मळून, फडक्याखाली झाकून ठेवलेली माझी कणीक हे गोळागोळा तोडून नेतात आणि त्या नळीला थापतात! त्या दिवशी थापली, तिचा एक लांबोळका तुकडा खाली लोंबत राहिला. आणि आमच्या लिबोरिओला कणीक म्हणजे जीव की प्राण. मी नुसती वळले हो, पाव भट्टीत... म्हणजे शेजारणीकडच्या ओव्हनमध्ये न्यायचा म्हणून टोपली घ्यायला वळले, तेवढ्यात हा गेला रांगत, स्टुलाला धरून उभा राहिला, आणि ओढली ना कणीक!

फुस्स्स्स! अशी वाफ सुटली, अशी सुटली, की समोरच्या भिंतीवरचा संत जोसेफ दिसेना! मी टोपली टाकली, पोराला हिसकलं, छातीशी धरलं... त्याच्या टोपीची एक बाजू ओलीगच्च, गरम. टोपीची हो! कानापासून बोटभर अंतरावर! मी रडतेय, पोर रडतंय, आणि आमचे हे कुठे धावले? हंड्याकडे! कणीक दाबत बसले! म्हणाले, "बरं झालं थोडीच गेली." मी ओरडले, "काय थोडीच गेली?" "वाफ." आणि सासूबाई माळ ओढता ओढता म्हणतात, "पोराला काही झालं का? नाही ना? मग सूनबाई, एवढं काय झालं!"

एवढं काय झालं! मी म्हटलं, आता बस्स. हा हंडा तरी राहील नाहीतर मी तरी.

शाल घेतली, पोराला काखेत मारलं आणि गेले सरळ डुलनसाहेबाकडे. तो आपल्या गल्लीतला आयरिश पोलीस हो, तांबड्या मानेचा. म्हटलं, कायदा आहे ना? मग बघू दे कायद्याला. म्हटलं, "साहेब, आमच्या घरात भट्टी आहे." त्यानं इकडे बघितलं, तिकडे बघितलं, मग आपल्या त्या मोडक्यातोडक्या बोलीत म्हणतो, "बाईसाहेब, हळू बोला, लोक ऐकतील." मी म्हटलं, "ऐकू दे! धाड घाला!" तर म्हणतो, "धाड मंगळवारी घातली की." "कुठे घातली? मी घरीच होते!" "तुमच्याकडे नाही हो, पलीकडच्या टोळीच्या भट्टीवर घातली. डॉन सावेरिओंची भट्टी कशी फोडू? माझीच बाटली तिकडून येते." आणि वर मला विचारतो, "गळतेय का कुठे? मग नळवाल्याला बोलवा ना. एवढं काय झालं!"

मग गेले फादरकडे. देवाचा माणूस, त्याला तरी दया येईल. फादरनी सगळं ऐकून घेतलं, डोळे मिटले, मान हलवली. मला वाटलं, आता डॉन सावेरिओंना नरकाची भीती घालतील. डोळे उघडून म्हणतात, "मुली, हे पोर नऊ महिन्यांचं झालं आणि याचा बाप्तिस्मा अजून नाही?" मी म्हटलं, "फादर, वाफ!" ते म्हणाले, "मुली, बाप्तिस्मा!" आता बाप्तिस्मा का राहिला होता? तर माझे दीर गावाहून येऊन धर्मबाप होणार होते, आणि ते सरकारी कागदांत अडकून पडलेत. फादर म्हणाले, "मग दुसरा धर्मबाप बघ. चांगला, वजनदार, पोराला सांभाळणारा."

आणि बायांनो, तिथेच, त्या चर्चच्या पायरीवर माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. धर्मबाप!

आपल्यात धर्मबाप म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. सख्खे भाऊ एकमेकांवर सुरी उगारतील, पण ज्यानं पोराला बाप्तिस्म्याच्या पाण्यावर धरलं त्याच्या केसाला धक्का लावणार नाहीत. आणि त्यानंही पोराच्या पायात काटा रुतू द्यायचा नाही, नाहीतर गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही. मग मी म्हटलं, डॉन सावेरिओंनाच करते धर्मबाप! स्वतःच्या धर्मपुत्राच्या डोक्यावर उकळता हंडा ठेवतील? काय बिशाद!

गेले दुकानात. दारात दोन दांडगे उभे, खिशात हात घालून. मी पोराला पुढे धरलं. दुकानात डॉन सावेरिओ, हा एवढा देह, बोटात अंगठ्या, चीज चाखत बसलेले. मी विचारलं मात्र... अहो, माणूस ढसाढसा रडायला लागला! "वहिनी," म्हणाले, "माझ्याकडे लोक मागायला येतात, पण माझ्या पदरात आपलं पोर घालायला आजवर कुणी आलं नाही!" आणि त्या दोन दांडग्यांनीही खिशातून हात काढले आणि डोळे पुसले. घरी येऊन ह्यांना सांगितलं तर हे खुर्चीतून उठले! वर्षात पहिल्यांदा! "कुणाला विचारलंस? डॉन सावेरिओंना? तू? तोंडानं?" सासूबाई मात्र तीनदा छातीवर क्रूसाची खूण करून म्हणाल्या, "माझ्या लिबोरिओचं नशीब उघडलं."

रविवारी बाप्तिस्मा झाला. फादरनी विचारलं, "सैतानाचा त्याग करतोस काय?" डॉन सावेरिओ गंभीरपणे म्हणाले, "करतो," आणि मागच्या बाकांवरून त्यांची सगळी माणसं एका सुरात, "करतो!" कोटाच्या आत कमरेला पिस्तूल, त्यावर माझ्या पोराची टाच, आणि सैतानाचा त्याग! पण मी मनातल्या मनात म्हटलं, घरी चला तुम्ही, मग बघते.

घरी मेजवानी. रसायन तयार झालेलं, त्यामुळे भट्टी काही बंद ठेवता येईना. मग सासूबाईंनी काय करावं? हंड्यावर माझ्या लग्नातलं लेसचं कापड पांघरलं आणि वर मेणाचा बाळ येशू ठेवला! फादर आत आले आणि त्यांनी पहिला नमस्कार त्या हंड्याला केला. खालून टप... टप... चालूच. गोड बदाम वाटले, वाईन झाली, गाणी झाली, आणि मग मी संधी साधली. पोराला हळूच जमिनीवर सोडलं. काळजावर दगड ठेवून सोडलं हो, मागे अगदी हाताच्या अंतरावर मी उभी! आणि तो निघाला. जायचा तिकडेच गेला, सरळ हंड्याकडे. लेस धरली, ओढायला हात वर केला...

"अरे!" डॉन सावेरिओ किंचाळले. एवढा देह, पण झेप अशी घेतली की दोन खुर्च्या आडव्या! पोराला उचललं, छातीशी धरलं, चेहरा पांढराफटक. ह्यांच्याकडे वळून म्हणाले, "गाएतानो! माझ्या पोराजवळ हे? असलं गळकं? लाज वाटत नाही?" हे खुर्चीमागे सरकले. "उद्या सकाळी हा हंडा इथे दिसता कामा नये!"

मी त्यांच्या अंगठ्यांवर ओठ टेकले. मी जिंकले होते हो, जिंकले!

सोमवारी सकाळी खरंच माणसं आली आणि हंडा उचलून घेऊन गेली. नळी गेली, पिंप गेलं. मी चूल पुसली. तिला हात लावून बघितला. मग माझं छोटं पातेलं ठेवलं, रवा घातला, ढवळत उभी राहिले. पेजेला बुडबुडा आला तेव्हा मला रडू कोसळलं. शिजलेली पेज वाटीत काढली, फुंकर घातली, पहिला चमचा पोराच्या तोंडाशी नेला...

आणि जिन्यात धडाम धडाम! दार उघडलं, तर आधी काहीच दिसेना, सगळीकडे नुसतं तांबं! जुन्याच्या तिप्पट हंडा! कोरा करकरीत, पितळेच्या पट्ट्या मारलेला, चार माणसं घामाघूम. मागून डॉन सावेरिओ, हसऱ्या चेहऱ्यानं. "बहिणाबाई," म्हणाले, वहिनीची आता बहीण झाले होते मी, "ते जुनं डबडं होतं, माझ्या पोराला अपाय झाला असता. हा बघ, नळी झाळून पक्की केलीय, कणकेचं कामच नाही. आणि एवढी महागाची वस्तू मी परक्याच्या घरी कशी ठेवू? आता आपण एका घरातले!"

आता बोला! परक्याला एक वेळ नाही म्हणता येतं, फार तर भिंत जाते. पोराच्या धर्मबापाला नाही कसं म्हणायचं? हे बंधन दोन्हीकडून असतं, ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! आणि आमचे हे, नव्या भट्टीबरोबर नवी गादीवाली खुर्ची आलीय, तिच्यात बसून बघतायत, आणि म्हणतात, "अगं, एवढं काय झालं!"

मी म्हटलं, "अहो डॉन सावेरिओ, पण पोर! पोर रांगतंय!" तर कपाळाला हात लावून म्हणाले, "हां, विसरलोच की! त्याची काळजी मला नाही तर कुणाला?" आणि सुताराला आत बोलावलं. मापं घेऊनच आला होता तो. त्या कोपऱ्यात, खिडकीखाली, ओकच्या लाकडाचे उभे दांडे ठोकले, चारी बाजूंनी. वरून कडी. मजबूत एवढं की बैलसुद्धा बाहेर यायचा नाही. आत मऊ गादी घातली, खुळखुळा ठेवला, आणि माझ्या लिबोरिओला उचलून आत ठेवलं. तो बिचारा दोन्ही हातांनी दांडे धरून उभा राहिला आणि आमच्याकडे बघत राहिला.

तेव्हापासून तिथेच आहे. कायदा झाला, पोलीस झाले, कोर्ट झालं, टोळ्या झाल्या, खून झाले. आणि सबंध शिकागोत या दारूपायी गजांआड गेलेला माणूस किती? एक! त्याला अजून चार दातसुद्धा आले नाहीत.