नव्वद दिवसांची धमकी

मी, जिला दुकानावर येणारे सगळे ताई म्हणतात ती, वय ४६ वर्षे, धंदा कपडे धुलाई व इस्त्रीचे दुकान, राहणार दुकानाच्या वरच्या मजल्यावर, आज पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

मी वरील ठिकाणी थोरल्या भावासह राहते. त्याला मी दादा म्हणते. दादा संगणकाचे प्रोग्राम लिहितो. हॉस्पिटलात सलाईनमधून औषध किती जावे हे ठरवणारा पंप असतो, तो नर्सच्या टेबलावरून चालवण्याचा प्रोग्राम दादाने लिहिलेला आहे. तो त्याने जगाला फुकट आणि उघडा ठेवला आहे, म्हणजे कोणीही वाचावा, वापरावा, सुधारावा. लष्कराच्या भाकऱ्या भाजतोस, असे मी त्याला नेहमी म्हणत आले.

जबाब लिहून घेणाऱ्या साहेबांनी मी आणलेले, प्रोग्रामला भोक आहे असे सांगणारे पत्र वाचून विचारले की, सगळे उघडेच आहे तर त्याला भोक पडले म्हणजे काय? माझाही तोच प्रश्न आहे.

प्रोग्रामसोबत माहितीची पाने असतात. त्यात सुरक्षेच्या पानावर, दोष सापडल्यास कुठे कळवावे म्हणून दादाने माझ्या दुकानाचा ईमेल दिला आहे. "माझी पत्रं मी आठवडा आठवडा बघत नाही. तू गिऱ्हाइकांची रोज बघतेस," असे तो म्हणाला होता. त्यामुळे हरवलेल्या शर्टांच्या तक्रारींत दादाची पत्रेही येतात. ती मी त्याला जेवताना वाचून दाखवत असे.

दादाला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू आणि बोलणे गेले. तेव्हापासून तो हॉस्पिटलात आहे. त्याच्या डोक्याला ताण देऊ नका, असे डॉक्टरांनी मला बजावले.

त्याच आठवड्यात एक पत्र आले. तुमच्या प्रोग्राममध्ये भोक आहे, बाहेरचा माणूस आत शिरून औषधाचे प्रमाण बदलू शकतो, मी अजून कोणाला सांगितलेले नाही, नव्वद दिवसांनी जाहीर करीन, असा मजकूर होता. पैसे मागितले नव्हते, म्हणून मी जास्त घाबरले. नंतर पुन्हा पत्रे आली, "उत्तर नाही, सगळं ठीक आहे ना?" अशी. मला ती लाडीगोडी वाटली. दादाला मी काही सांगितले नाही. मुदत उद्या संपते, म्हणून आज धमकीची तक्रार द्यायला आले.

पत्राखाली फोन नंबर होता. साहेबांनी माझ्यासमोर तो लावला. आवाज मुलीचा होता. ती पंप दुरुस्त करण्याचे काम करते.

"अहो, धमकी कसली?" ती म्हणाली. "तुमच्याच पानावर लिहिलंय तसं केलं मी. आधी गुपचूप कळवा, नव्वद दिवस द्या, मग सगळ्यांना सांगा, म्हणजे हॉस्पिटलं सावध होतील. दुरुस्तीपण करून पाठवली होती सोबत. उघडली नाहीत का?"

उघडली नव्हती. अनोळखी माणसाने पाठवलेली फाईल उघडायची नाही, हे मला दादानेच शिकवले आहे.

दादा आजारी आहे, हॉस्पिटलात आहे, मुदत वाढवून दे, असे मी तिला म्हणाले. मग तिने ते पान वाचून दाखवले. "'प्रोग्रामची देखरेख करणारा आजारी आहे असं कळवलं, तरी मुदत वाढवू नये. पेशंटही आजारीच असतात.' त्यांनीच लिहिलंय, ताई." ती रडत असावी. धमकी देणारा माणूस रडतो का, असे मी साहेबांना विचारले.

मग तिने विचारले, "त्यांच्या पलंगाजवळ कुठला पंप आहे?" मी सांगितले की, पडद्यावर इस्त्रीचे चित्र असलेला. ती दादाच्या प्रोग्रामची खूण आहे, माझी जुनी इस्त्री समोर ठेवून त्याने काढलेली. मी नर्सला ते चित्र कौतुकाने दाखवलेही होते.

"ताई, आधी त्याची मागची नेटवर्कची वायर काढायला सांगा. पंप चालूच राहील, फक्त बाहेरून कोणाला आत येता येणार नाही."

मी वॉर्डात फोन केला. नर्सने वायर काढली. साहेबांनी मला बसायला खुर्ची दिली.

दुरुस्ती दादाच्या शिक्क्याशिवाय कोणत्याही हॉस्पिटलात पोचत नाही, असे त्या मुलीकडून समजले. शिक्क्याची चावी, म्हणजे संगणकाला लावायची छोटी पट्टी, माझ्या दुकानाच्या किल्ल्यांच्या जुडग्यात आहे आणि तिचा परवलीचा शब्द दादाच्या डोक्यात. त्याचा डावा हात चालतो. भेटीच्या वेळेला ती लॅपटॉप घेऊन येणार आहे. त्याआधी मला दादाला सगळे सांगावे लागेल. मला आधी का नाही सांगितलंस, असे तो विचारील. बोलता येत नसले तरी विचारील.

त्या मुलीविरुद्ध माझी तक्रार नाही. कोणाविरुद्ध आहे ते मला कळत नाही. तो रकाना कोरा ठेवावा.

हा जबाब मला वाचून दाखवला, मी बोलले तसाच उतरला आहे. 'धमकी' हा शब्द खोडा, असे मी म्हणाले. लिहिलेले खोडता येत नाही, खाली दुरुस्ती जोडता येते, असे साहेबांनी सांगितले. दुरुस्ती अशी: तिने आम्हाला नव्वद दिवस दिले होते.