तुरीतल्या वानराचा हात

१४ जानेवारी १९५४, रोहणा. सकाळी दाट धुकं. सखारामच्या गोफणीचा दगड लागून त्याच्या तुरीत एक वानर मेलं. आमच्या गावात मारणाऱ्यानंच ते माणसासारखं पुरायचं असतं. तो भडकला, "काऊन? माह्या नात्यातलं हाय का थे?"

शाळेचे गुरुजी शांतपणे म्हणाले, "आहे. कोट्यवधी वर्षांमागे त्याचा आणि आपला पूर्वज एकच होता."

"मस्करी नका करू, गुरुजी."

"त्याचा हात पाहा."

सखारामनं पाहिला. पाच बोटं, तळव्यावर रेषा, नखांत शेंगांचा हिरवा रंग. मग स्वतःचा पाहिला. तोच रंग.

वर कडुनिंबावर अकरा वानरं गुडघ्यांवर हात ठेवून बसली होती. खाली आम्हीही तसेच बसलो होतो.

दहाव्या दिवशी सखारामनं डोकं भादरलं. राखणीला तो पुन्हा गेला नाही. तूर वानरांनी खाल्ली.