पिवळी चिठ्ठी, पांढरं पत्र

(कप-बशांचा कारखाना, जेवणाची सुट्टी. पॅकिंगच्या खोलीत गवताच्या गठ्ठ्यांवर बसून दोघी जावा डबा खाताहेत. थोरली फिरत्या चाकावर ठेवलेल्या कपांच्या काठावर ब्रशानं निळी रेघ ओढते. धाकटी प्रत्येक कप लाकडी काडीनं वाजवून तपासते. काल मालकांनी सगळ्यांच्या हातात एकेक बंद पाकीट ठेवलं आहे.)

धाकटी: पण तुम्हाला दोन महिन्यांचा पगार, वहिनी! एकरकमी! आणि मला काय, तर महिन्याला चिमूटभर वाढ.

थोरली: अजून तेच का? कालपासून गाल फुगवून बसलीयस. जेव आधी.

धाकटी: गाल फुगवलेले नाहीत, घास आहे तोंडात. मला राग नाही आलेला, मला कळत नाहीये. दोन गल्ल्या पलीकडचा कारखाना बंद पडला. आपली दुसरी पाळी बंद होऊन सहा महिने झाले. गोदामात कप छताला टेकलेत. चहासुद्धा कागदाच्या कपात पितात लोक. आणि आमचे मालक पैसे वाटत सुटलेत! का?

थोरली: दिले तर दिले. आलेल्या पैशाला ‘का आलास’ म्हणून विचारू नये.

धाकटी: मी विचारणार. सकाळपासून विचारतेच आहे.

थोरली: कोणाला? अगं, इथं कोणी कोणाला आकडा सांगत नाही. वीस वर्षांत मला शेजारच्या चाकावरचीचा पगार माहीत नाही.

धाकटी: म्हणूनच मी आकडा विचारलाच नाही. पाकिटात पांढरं पत्र निघालं की पिवळी चिठ्ठी, एवढंच विचारलं. रंग सांगायला कोणी लाजत नाही. पांढरं म्हणजे पगारवाढ. पिवळी म्हणजे बोनस. दोन्ही कोणालाच नाही.

थोरली: आणि हे सगळं कपांना काडी मारता मारता?

धाकटी: हात काम करत होता, तोंड रिकामं होतं. ऐका तर. कपांवर फुलं चिकटवणाऱ्या एकीनं रक्कम तीनदा मोजली आणि मग नोटा उजेडाला धरून बघितल्या. वॉचमन पाकीट परत द्यायला निघाला होता, म्हणे चुकून आलं असेल, मागाहून कापून घेतील. आणि पॅकिंगच्या मावशींनी तर अजून उघडलंच नाही. म्हणतात, या दिवसांत मालक काही देतो म्हणजे पाकिटात निरोपच असणार.

थोरली: उघडायला सांग त्यांना. घरात आजारी माणूस आहे त्यांच्या.

धाकटी: सांगितलं. म्हणाल्या, बंद आहे तोवर चांगलंच आहे. रंगखोलीतल्या पोरींचं म्हणणं वेगळंच. मालकांनी जमीन विकली. ड्रायव्हर म्हणतो, कारखानाच विकायला काढलाय, गिऱ्हाइकापुढे माणसं खूश दिसायला हवीत. तुम्हाला काय वाटतं?

थोरली: मला वाटतं, आपल्या लेकीच्या नर्सिंगच्या कॉलेजची फी सुटली. काल घरी गेल्या गेल्या तिला सांगून टाकलं, नाव घाल म्हणून. यंदाची या पैशातून, पुढची दोन वर्षं माझ्या पगारातून. झालं की.

धाकटी: सांगूनही टाकलंत?

थोरली: नाचली गं ती, तू बाजारात गेली होतीस तेव्हा. सगळ्या घरभर. ए, भट्टीकाका आले. सरक जरा.

भट्टीवाला: बसा, बसा, उठू नका. सांगायचं म्हणजे, तुमच्या दोघींत बसलं की घरी बसल्यासारखं वाटतं. भांडण कुठवर आलंय?

थोरली: भांडत नाही. हिची चौकशी चालली आहे. आता तुमचा नंबर.

धाकटी: काका, पांढरं की पिवळं?

भट्टीवाला: पांढरं. पण आकडा नाही सांगणार बरं का. बायकोलाही कमीच सांगितलाय.

धाकटी: आणि तुमच्या हाताखालचे? मोठ्या भट्टीवरचा?

भट्टीवाला: पांढरं.

धाकटी: छोट्या भट्टीवरचा?

भट्टीवाला: त्याला पिवळी. रागावलाय माझ्यावर, जसं काही मीच वाटली. सांगायचं म्हणजे, तोही माझ्याइतकाच राबतो. ती छोटी भट्टी लहरी आहे, जरा आच चढली की रेघ करपवते. तिला सांभाळणं सोपं नाही.

धाकटी: थांबा. मला एकदा मोजू द्या. पांढरं कोणाकोणाला? माती कालवणारे दोघं. साचेवाला. मोठी भट्टी. मी. ड्रायव्हर. पिवळी कोणाला? रेघवाल्या चौघी. फुलं चिकटवणाऱ्या तिघी. छोटी भट्टी. दुसऱ्या पाळीचा फोरमन...

थोरली: मग? जास्त नाजूक काम त्याला जास्त पैसे. आहे काय त्यात?

धाकटी: काका, छोटी भट्टी फक्त रंगासाठीच ना? रेघ आणि फुलं?

भट्टीवाला: दुसरं कशाला? पांढरा कप मोठ्या भट्टीतून निघतो तो तयारच असतो. रंग चढवला की मग छोटीत जातो.

धाकटी: पुढच्या महिन्याचा गॅस आला तिचा?

भट्टीवाला: नाही आला. मालकच म्हणाले, शुक्रवारची भट्टी झाली की छोटीचा गॅस मागवू नका. मी म्हटलं, दुरुस्ती काढली असेल. विटा हलल्यात तिच्या, मी दोन वर्षं सांगतोय.

धाकटी: वीटवाला आला का बघायला?

भट्टीवाला: नाही बुवा... अरेच्चा.

थोरली: काय झालं? दोघांची तोंडं का अशी झाली?

धाकटी: काही नाही, वहिनी. जेवा तुम्ही.

थोरली: आता जेवा म्हणतेस? मोठ्या बारकाईनं हिशोब जमवत होतीस, आता शेवट सांग.

धाकटी: माझं चुकतही असेल.

थोरली: बोल.

धाकटी: वाढ दिली ती, ज्यांचं काम पुढे लागणार आहे त्यांना. माती, साचा, मोठी भट्टी, तपासणी. आणि बोनस... बोनस दिला तो झालेल्या कामाचा. नुसते पांढरे कप काढणार, वहिनी. स्वस्त पडतात. रेघ बंद.

थोरली: चौघींनाही पिवळी?

धाकटी: चौघींनाही.

थोरली: म्हणजे मी काल पोरीला नाचवलं ते...

भट्टीवाला: असं एकदम धरून चालू नका. मालक वाईट नाहीत. यांच्या वडिलांनी कधी एक माणूस काढला नाही. सांगायचं म्हणजे, यांना तोंडानं सांगायला जमत नसेल.

थोरली: म्हणून पाकिटात घालून दिलं होय? आणि मी त्यांना हात जोडून आभार मानले, काका! देव पोराबाळांना सुखी ठेवो म्हटलं. ते बिचारे खाली बघत होते. मला वाटलं, काय विनयी माणूस आहे.

धाकटी: वहिनी, माझं ऐका. तपासणीचं टेबल तुमचंच आहे. चार वर्षांपूर्वी ते तुम्हालाच मिळत होतं. मला सहावा महिना होता, चाकावर वाकून बसवत नव्हतं, म्हणून तुम्ही मला दिलंत. मी आत्ताच्या आत्ता जाते आणि मालकांना सांगते, मला काढा, वहिनींना तिथं बसवा. तुम्ही इथं वीस वर्षं जुन्या. नाही म्हणायचं धाडस नाही त्यांचं.

थोरली: काही नको.

धाकटी: का नको? काम अवघड नाही. काडी मारायची आणि ऐकायचं. चांगला कप टणकन वाजतो, चिरलेला बसका वाजतो. केसाएवढी चीर असली तरी कळतं.

थोरली: मला माहीत आहे ते.

धाकटी: मग झालं! काका, तो फळीखालचा ट्रे सरकवा जरा. यात मी सकाळी बाजूला काढलेले फुटके पण आहेत. वहिनी, डोळे मिटा. चीर बघून नाही सांगायचं.

थोरली: कसला पोरखेळ लावलायस?

भट्टीवाला: मिटा हो. बघू तर. पाच मिनिटांत शिकाल तुम्ही.

धाकटी: हा घ्या. कसा आहे?

थोरली: चांगला.

भट्टीवाला: बरोबर! बघा, मी म्हटलं नव्हतं?

धाकटी: आता हा.

थोरली: हा... हापण चांगला.

धाकटी: नाही, वहिनी. हा चिरलाय. भलताच बसका वाजला. परत ऐका.

थोरली: हं. आला लक्षात.

धाकटी: आता नीट कान द्या हं...

थोरली: हा चांगला आहे.

धाकटी: अगं बाई!

थोरली: काय? चुकलं?

धाकटी: वहिनी, मी अजून वाजवलाच नाही.

भट्टीवाला: मी जरा... भट्टी बघून येतो.

थोरली: बसा, काका. अर्धं ऐकून गेलात तर उरलेलं तुम्ही मनानं जोडाल. बसा.

धाकटी: कधीपासून?

थोरली: मोठं बोललं की कळतं. समोर बघून बोललं तरी कळतं. बारीक आवाज गेलेत. आधी पक्षी गेले, मग कुकरच्या शिट्टीत काहीतरी कमी वाटायला लागलं. चार-पाच वर्षं झाली असतील.

धाकटी: चार-पाच. म्हणजे त्या वेळी...

थोरली: फोरमननं आदल्या दिवशी मला तासभर त्या टेबलावर बसवून बघितलं होतं. सगळे कप मला एकसारखेच वाजले. मी आपली अंदाजानं ठेवत गेले, दोन इकडे, एक तिकडे. दुसऱ्या दिवशी सांगितलं, माझ्या धाकट्या जावेला द्या, तिला दिवस गेलेत.

धाकटी: आणि सगळं घर म्हणालं, केवढं मन!

थोरली: मी नाही म्हणाले.

धाकटी: सासूबाई अजून सांगतात आल्या-गेल्याला! थोरलीनं आपल्या ताटातलं काढून धाकटीला दिलं म्हणून. मी चार वर्षं तुमच्यापुढे आवाज चढवला नाही, वहिनी. एकदाही नाही!

थोरली: आता चढव. मलाही बरं पडेल.

भट्टीवाला: हाहा... माफ करा.

धाकटी: हसू नका, काका! मी वरची मोठी खोली सोडली यांना.

थोरली: मी मागितली नव्हती.

धाकटी: नको पण म्हणाला नाहीत.

थोरली: नाही. वारा छान येतो तिथं.

धाकटी: सांगितलं का नाहीत? मला तरी सांगायचं!

थोरली: लाज वाटली. एकदा सगळे कौतुक करायला लागले, मग कुठून सांगू? आणि खरं सांगू का, मला आवडलंही ते कौतुक. लग्न होऊन आल्यापासून कोणी एवढं केलं नव्हतं. रागाव तू. तुझा हक्क आहे.

धाकटी: रागावायचंच होतं मला. पण मी वाजवलाही नसताना तुम्ही चांगला म्हणालात ना, ते कानातून जात नाहीये.

थोरली: मला भीती वाटते गं. पंचेचाळीस वर्षांची झाले. हाताला रेघ सोडून दुसरं काही येत नाही. एका दमात, हात न उचलता, जोड दिसू न देता रेघ येते, बस. ते कोणाला हवंय आता?

भट्टीवाला: सांगायचं म्हणजे, तुमच्या रेघेचा जोड मला वीस वर्षांत सापडला नाही. मी भट्टीतून काढताना शोधतो, मुद्दाम.

थोरली: खरंच शोधता?

भट्टीवाला: रोज एक तरी कप फिरवून बघतो. तेवढीच करमणूक.

धाकटी: मी माझी वाढ परत करते. म्हणते, नको मला, वहिनींना ठेवा. कुठंही ठेवा. पॅकिंगला ठेवा.

थोरली: वेडी आहेस? घरात एक पगार टिकतोय, तोही घालवायला निघालीस! वाढ मुकाट्यानं घ्यायची. पुढच्या वर्षी त्या पोरीची फी कोण भरणार आहे मग?

धाकटी: मी.

थोरली: मी काही म्हटलं नाही.

धाकटी: तुम्ही विचारलंत, मी सांगितलं. माझ्या वाढीतून अर्धी होईल. उरलेली बघू. पण खोली परत हवी मला.

थोरली: उन्हाळा संपल्यावर.

भट्टीवाला: पण एक आहे हं. आपण आपलं गणित मांडलं. मालकांनी अजून कोणाला काही म्हटलेलं नाही. चुकलंही असेल आपलं.

थोरली: म्हणूनच मी विचारून येते. आत्ता. सुट्टी संपायला दहा मिनिटं आहेत.

धाकटी: काय विचारणार?

थोरली: ही पिवळी चिठ्ठी त्यांच्यापुढे ठेवते. म्हणते, पैसे पोचले, आता काय आहे ते तोंडानं सांगा. पॅकिंगच्या मावशींना तरी कळू दे, पाकीट उघडायचं की नाही. रोज वाट बघत रेघ ओढली तर तिचा जोड दिसेल, आणि शुक्रवारपर्यंतचं काम मी खराब करणार नाही.

भट्टीवाला: सांभाळून बोला हो. माणूस आधीच शरमलाय.

थोरली: मी कुठं भांडायला चाललेय? पदर नीट आहे ना गं माझा?

धाकटी: आहे. मी येऊ बरोबर?

थोरली: ये. मालक फार हळू बोलतात, आणि असलं काही सांगताना तर खाली बघून बोलतील. मला नाही कळलं, तर बाहेर आल्यावर तू सांग.

धाकटी: काय सांगू?

थोरली: ते म्हणतील तेच. गोड करून नको.