मावशीची सतरंजीवरची जागा

चर्च बायबलप्रमाणं कसं असावं, यावर तुमचा वाद चालू द्या, मले फक्त आमच्या कामठ्याचं सांगू द्या. आधी आमची उपासना जॉनकाकांच्या ओसरीत व्हायची. सतरंजीवर गोल बसायचो. कोणी आलं नाही तर त्याची रिकामी जागा दिसायची. मग नव्या पाळकांनी हॉल घेतला. स्टेज, रंगीत लाईट, अन् आम्ही अंधारात खुर्च्यांवर.

परवाच्या रविवारी त्यांनी, मेंढपाळ नव्व्याण्णव मेंढरं सोडून एकाले शोधायले जातो, तो हरवलेल्या मेंढराचा दाखला असा सांगितला, की बाया रडल्या. येताना मी, ओसरीत माझ्या शेजारी बसायची त्या मार्थामावशीकडं, आमचा राहिलेला डबा आणायला गेलो, तर मावशी पंधरा दिवसांपासून तापानं खाटेवर. मंडळीत कोणालेच पत्ता नाही.

"आज कशावर बोलले पाळक?" तिनं विचारलं.

"हरवलेल्या मेंढरावर."

मावशी जराशी उठून बसली. "मंग? सापडलं का?"