उघडा तळवा

सासरे : मी समोरून मारायचं आणि पाइपाची पाठ आपोआप रंगणार? सूनबाई, सकाळी सकाळी थट्टेला मीच सापडलो का?

सून : थट्टा नाही बाबा. रंगाची नवी गन तसंच करते.

सासरे : अगं, जन्म गेला माझा या रंगकामाच्या बूथमध्ये. दवाखान्याचा पलंग म्हणजे नुसते पाइप. समोरून एक हात, मागून एक हात, मग गुडघे टेकून खालून. त्याची पाठ रंगवायला माझी पाठ मोडली.

सून : जरा वेळ नाक मुरडणं थांबवा आणि बघा. ही पलंगाची उशाकडची चौकट टांगलीय.

सासरे : आणि ती टांगायचा हा आकडा एवढा लख्ख का घासलास? रंगायचा तो पलंग, आकडा नव्हे.

सून : आकड्यावर जुना रंग साचला की पलंगाचा जमिनीशी संबंध तुटतो. पलंग आकड्याला, आकडा वरच्या रुळाला, रुळाची तार जमिनीत. हे सगळं धातूला धातू टेकून जोडलेलं पाहिजे. मास्क लावा.

सासरे : लावला. मार.

(गनचा बारीक फुसकारा.)

सासरे : आवाज काय मऊ आहे हिचा! आपली जुनी तर नुसती फुत्कारते.

सून : आता मागे जाऊन बघा.

सासरे : बघतो. काय दिसणार आहे, कोरडा लोखंडाचा... अगं!

सून : काय झालं?

सासरे : इथे रंग आहे! ओला रंग! सगळ्या पाइपांच्या पाठीवर. तू तर जागची हललीसुद्धा नाहीस.

सून : नाही हलले.

सासरे : मग हा वळला कसा? रंगाला काय डोळे फुटले?

सून : लहानपणी केसांवर कंगवा घासून कागदाचे कपटे उचलायचो ना, तसंच. गनच्या टोकाला एक बारीक सुई आहे. तिच्याजवळून जाताना रंगाच्या थेंबाथेंबात वीज भरते. थेंब एकमेकांना दूर ढकलतात, म्हणून धुकं छान पसरतं. आणि पलंग जमिनीला जोडलेला, म्हणून सगळे त्याच्याकडे ओढले जातात. बाजूने निसटून चाललेला थेंबही वळून पाठीला चिकटतो.

सासरे : वाहवा! आणि भिंत बघ, भिंत! जवळजवळ कोरडी आहे गं. जुन्या गनचा निम्मा रंग ही भिंतच प्यायची. ज्याने कोणी हे शोधून काढलं ना, त्याने कधीतरी गुडघे टेकून पलंग रंगवला असणार. त्याशिवाय हे सुचायचं नाही.

सून : आवडली ना?

सासरे : आवडली. फार आवडली. चला, म्हणजे मी सुटलो.

सून : कशातून सुटलात?

सासरे : तुझी सासू काही बोलली नाही?

सून : बोलल्या. आज दुपारी घरी जाणार आणि पुन्हा गन हातात धरणार नाही म्हणालात. सांगताना रडल्या त्या.

सासरे : तिला काय, मी घरी बसून तिच्या डोक्याशी कटकट करेन या भीतीने रडली असेल. तुझा नवरा थिनरचा वास आला की शिंकत सुटतो, तो काही इकडे यायचा नाही. तू आहेस, ही गन आहे. माझं काय अडलंय आता?

सून : जायच्या आधी एकदा मारून तर बघा. दुसरी चौकट टांगलीय.

सासरे : मी? नको.

सून : मघाशी डोळे कसे चमकले ते बघितलंय मी. धरा. मी पंपाकडे जाऊन दाब बघते, तोवर तयार व्हा.

सासरे : एकदाच हं. तू तिकडेच बघ, दाबाकडे. इकडे लक्ष नको देऊस.

सून : बरं. दाब ठीक आहे. मारा!

सासरे : हं... हं... अरे, किती हलकी! पण हे काय? दंडावर काहीतरी सरकल्यासारखं वाटतंय. अगं, माझ्या बाहीवर रंग कसा आला? मी तर पलंगावर...

सून : थांबा! ट्रिगर सोडा!

सासरे : सोडला.

सून : गन तशीच हातात राहू द्या. कशालाही हात लावू नका. त्या डब्याला नाही, खांबाला नाही, मलाही नाही.

सासरे : का गं? घाबरवतेस काय?

सून : तुमच्या अंगात वीज भरलीय. आत्ता लोखंडाला बोट लावलंत तर ठिणगी उडेल आणि बूथमध्ये थिनरची वाफ आहे. पंखा वाफ बाहेर ओढून नेईपर्यंत पुतळ्यासारखे उभे राहा.

सासरे : उभा आहे.

सून : जमिनीशी तुमचा संबंध तुटला, म्हणून रंग तुमच्यावरच वळला. पण गनच्या मुठीला जमिनीत जाणारी तार आहे, उघडा तळवा टेकला की... बाबा, हातात काय घातलंय?

सासरे : काही नाही. ते आपले रबरी ग्लोव्हज.

सून : तुम्ही आणि ग्लोव्हज? कोणी आग्रह केला तर भांडायला उठता. आजच का?

सासरे : नवी वस्तू आहे, म्हटलं जरा...

सून : बाबा.

सासरे : हात दिसू नयेत म्हणून. झालं समाधान? थरथरतात. जाड रबरात कमी दिसतं.

सून : मला माहीत आहे.

सासरे : कधीपासून?

सून : तुम्ही कपबशी सोडून ग्लासातून चहा प्यायला लागलात, तेव्हापासून. बशी वाजायची ना? आणि परवाच्या पलंगावर ओघळ आले होते, ते तुमची पाठ वळल्यावर मीच पुसले.

सासरे : म्हणजे तू माझ्यामागून पुसत फिरतेस. इतकी वेळ आली माझ्यावर.

सून : मी लग्न करून आले आणि हट्टाने गन हातात घेतली, तेव्हा माझे ओघळ कोण पुसायचं? तेही मला कळू न देता? आईंनी सांगितलं म्हणून कळलं.

सासरे : ती ना, एक गोष्ट पोटात ठेवील तर शपथ.

सून : ही गन मी तुमच्यासाठी आणली. धुकं मऊ आहे, पाइप ते स्वतः ओढून घेतो. हात थोडा थरथरला तर त्याला कळत नाही. हाताची चाल चुकली तर कळते, आणि तुमची चाल अजून चुकत नाही. मनगट नाही, खांदा फिरवायचा, हे मला तुम्हीच शिकवलंत. एक विचारू? मी मारलेल्या चौकटीत काही खोट दिसली?

सासरे : दिसली. पण बोललो नाही.

सून : आता बोला.

सासरे : पाइप जिथे पाइपाला मिळतो ना, तिथे आतला कोपरा उपाशी राहिलाय. रंग कडेकडेनेच चिकटलाय.

सून : तेच या गनचं दुखणं आहे. रंग आधी कडा पकडतो, आत शिरत नाही. तिथे वीज बंद करून हातानेच भरावं लागतं, आणि ते मला जमत नाही. दोनदा ओघळ आणले मी.

सासरे : तू एकदम ओततेस. कोपर बरगडीला टेकवायचं आणि उडतं उडतं मारायचं, टुक, टुक. टेकलेला हात फारसा हलत नाही... एव्हाना वाफ गेली असेल ना?

सून : गेली. गन लटकवा, ग्लोव्हज काढा आणि त्या खांबाला बोट लावा.

सासरे : आई गं! केवढा चिमटा काढला!

सून : आता मोकळे झालात. या इकडे, भुवया पुसते. फिकट हिरव्या झाल्यात. शोभतायत पण.

सासरे : हसून घे. आता उघड्या हाताने धरू? असाच, थरथरता?

सून : असाच. तिला तळवा लागलेला हवा, थरथरता की काय हे ती विचारत नाही.

सासरे : हं. बाजूला हो... हे झालं. आता वीज बंद कर. कोपरे घेतो... टुक... टुक... बघ.

सून : बाबा!

सासरे : ओघळ आला?

सून : एकही नाही. चारही कोपरे भरलेत. इतके सुंदर मी कधी बघितले नाहीत, खरंच.

सासरे : पाठ?

सून : तीही भरलीय. बाबा, फोन वाजतोय, आईंचा आहे. तुमच्या वाटेकडे डोळे लावून बसल्यात. काय सांगू?

सासरे : सांग, तू जेवून घे म्हणावं. मला उशीर होईल.